वर्ध्याची पेढी, आकाशीचे इंजिन

पुलगावच्या स्मरणिकेत बजाज ऑटोचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला कंपनीचे पहिले नाव सांगावे. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी ही कंपनी नोंदली गेली ती ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने, आणि हे बछराज म्हणजे वर्ध्याचे सेठ बछराज. येथून तीसएक किलोमीटरवरची त्यांची पेढी. आपल्या जिल्ह्याने देशाला आश्रम दिला हे सगळेच सांगतात, मोटारसायकल दिली हे कोणी सांगत नाही. दिली म्हणणे जरा जास्तच होईल म्हणा. कारखाने आकुर्डीला, वाळूजला आणि चाकणला गेले, वर्ध्याकडे नाव तेवढे राहिले. तरी या घराण्याने यंत्राची विद्या कोणाकडून आणि किती वर्षांत मिळवली, हा इतिहास याच मातीत सुरू होतो. कंपनीचा सगळा पसारा येथे मांडायचा नाही. पेढीवरच्या माणसांना मोटारसायकल करता कशी येऊ लागली आणि त्यात जपानच्या कावासाकीचा वाटा किती, एवढाच विषय आहे.

जमनालाल बजाज १८८९ साली राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावी जन्मले आणि लहानपणीच बछराजांच्या घरी दत्तक आले. पेढीचा जीव कापसात होता. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, देवळी हा सगळा पट्टा पांढऱ्या सोन्याचा. जिनिंग-प्रेसिंगचे भोंगे, आपल्या गावची कॉटन मिल आणि आर्वीकडे जाणारी नॅरोगेज गाडी, सगळे कापसाभोवती उभे राहिलेले. जमनालालजींनी रायबहादूर किताब परत केला, १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले, गांधीजींना वर्ध्याला आणले. आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही हे पाठ असते. याच माणसाने १९२६ साली उद्योगसमूहाची पायाभरणी केली आणि पुढे साखर कारखान्यात आणि पोलाद उद्योगात पैसा घातला, हे मात्र चरित्रांत चारदोन ओळींत उरकले जाते.

वर्ध्याच्या या वर्तुळाला यंत्राचे वावडे होते असा एक समज आहे. तो मला पटत नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. संघाच्या कारभारात जमनालालजी होतेच. सुधारलेला चरखा करून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस होते, १९२९ सालचे एक लाख. अटी वाचाव्यात अशा आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालले पाहिजे, आठ तासांत १२ ते २० नंबरचे सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये, ते वीस वर्षे टिकले पाहिजे आणि दरसाल दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. किर्लोस्करवाडीनेही या स्पर्धेसाठी चरखा तयार केला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. उत्पादन, किंमत, आयुष्य आणि देखभाल हे चारही आकडे आधी बांधून घ्यायचे आणि मग यंत्र रचायला बसायचे, ही रीत आज कोणत्याही वाहन कारखान्याच्या संशोधन विभागात चालते. आपल्याकडे ती आधी चरख्यासाठी लिहिली गेली. मगनवाडीतल्या संग्रहालयात चरखे पाहताना हे ध्यानात ठेवले तर त्या लाकडी चाकांकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांचे चिरंजीव कमलनयन बजाज यांच्या काळात बछराज कंपनी १९४८पासून दुचाकी आणि तीनचाकी गाड्या परदेशातून आणून विकू लागली. तोवर हा शुद्ध व्यापार होता. माल आणायचा, नफा धरायचा, विकायचा. १९५९ साली सरकारने उत्पादनाचा परवाना दिला, १९६० साली कंपनी सार्वजनिक झाली, आणि इटलीच्या पियाजिओशी करार होऊन पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. सुरुवातीच्या या वर्षांत फिरोदिया कुटुंबाचाही त्यात मोठा भाग होता. पुढे दोन्ही घराणी वेगळी झाली. १९६८पासून कारभार कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज यांच्या हातात आला.

पियाजिओ हा यंत्रविद्येचा पहिला गुरू. व्हेस्पाआधी तो विमाने करणारा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि विमाने करण्याची वाट बंद झाली, तेव्हा हेलिकॉप्टरचे अभियंता कोराडिनो दास्कानिओ यांनी १९४६ साली व्हेस्पा रचली. हे येथे सांगण्याचे कारण असे, की बजाजचा दुसरा गुरूही विमानांच्याच कारखान्यातून आला. कापसाच्या पेढीला दोनदा विद्या मिळाली आणि दोन्ही वेळा ती देणारे आधी आकाशातले यंत्र करणारे होते.

पियाजिओचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. त्यानंतरची कथा सर्वांच्या ओळखीची आहे. नंबर लावायचा आणि वाट पाहायची, वर्षानुवर्षे. लग्नाच्या बोलणीत चेतकचा विषय निघाला नाही असे घर विरळा. परवाना राज्यात मागणी कितीही असली तरी कारखाना वाढवायला सरकारची परवानगी लागे, त्यामुळे रांग हटत नसे. कंपनीच्या गौरवग्रंथात हा काळ सोन्याचा म्हणून रंगवतात. माझ्या मते यंत्रविद्येच्या दृष्टीने तो सुस्तीचा होता. जी गाडी तयार होण्याआधीच विकली गेली आहे ती सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? स्कूटर एका बाजूला तिरपी करून किक मारण्याची कसरत दोन पिढ्यांनी केली.

ऐंशीच्या दशकात सरकारने दुचाकीसाठी परदेशी सहकार्याचे दार उघडले, पण १०० सीसीपुरतेच. म्हणून त्या दोनतीन वर्षांत आलेल्या जपानी नावाच्या गाड्या जवळपास सगळ्या १०० सीसीच्या होत्या : सुझुकीची एएक्स, होंडाची सीडी, यामाहाची आरएक्स. दारातून आधीच आत शिरलेला एकच अपवाद होता. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी-३५०वरून केलेली राजदूत ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. तिची कीर्ती मोठी आणि खप बेताचा, कारण पेट्रोल पिण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. बजाजने १९८४ साली कावासाकीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला.

आता ज्याच्याकडे शिकायला जायचे तो कोण होता ते पाहू, कारण हा भाग आपल्याकडे फारसा कोणी लिहिलेला नाही.

शोझो कावासाकी यांनी १८७८ साली तोक्योत त्सुकिजी येथे जहाजबांधणीची गोदी काढली. पुढे ती कोबेला गेली आणि १८९६ साली तिची कंपनी झाली. जहाजांमागून रेल्वेची इंजिने आणि डबे आले, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विमाने आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला विमाने करण्याची बंदी झाली. आकाशी येथल्या कारखान्यातल्या विमान इंजिनवाल्यांच्या हातांना काम उरले नाही. त्यांनी लहान इंजिने करायला घेतली. दीडशे सीसीच्या आतली, चार स्ट्रोकची. ती इंजिने दुसरे कारखाने आपल्या मोटारसायकलींना लावत. स्वतःची पूर्ण गाडी करण्याचे धाडस यायला १९६० उजाडावे लागले, आणि तेव्हाही कंपनीत हा धंदा ठेवावा की सोडावा याची चर्चा होती. १९६३ साली कारखान्यातल्या काही हौशी मंडळींनी १२५ सीसीची बी-८ गाडी चिखलवाटेच्या शर्यतीसाठी सजवून नेली आणि पहिले सहाही नंबर घेऊन परत आले. धंदा राहिला. मोठ्या उद्योगांचे निर्णय ताळेबंदावर होतात म्हणतात. हा एक चिखलात झाला.

पण मोठी गाडी कावासाकीला येत नव्हती. ती येत होती मेगुरोला. मेगुरो ही १९२४ साली तोक्योत निघालेली जुनी कंपनी. जपानी पोलिसांच्या मोटारसायकली तिच्या. तिची ५०० सीसीची के-१ गाडी इंग्लंडच्या बीएसए ए-७ वरून बेतलेली होती. १९६०पासून कावासाकीने मेगुरोशी संधान बांधले आणि १९६४पर्यंत ती कंपनी आपल्यात सामावून घेतली. त्या इंजिनाला वाढवून ६२४ सीसीचे केले आणि १९६६ साली डब्ल्यू-१ आणली. त्या वेळी जपानात तयार होणारी ती सगळ्यात मोठी मोटारसायकल होती. परदेशात ती फारशी चालली नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला तिच्यात बीएसए दिसे, आणि बीएसए घ्यायची तर खरीच का घेऊ नये, हा त्याचा सवाल रास्त होता. पण नकलेतून हात तयार झाला. बर्मिंगहॅमची बीएसए, तिच्याकडे पाहून शिकलेली मेगुरो, मेगुरोकडून शिकलेली कावासाकी आणि कावासाकीकडे शिकायला गेलेली आकुर्डी, अशी ही गुरुपरंपरा आहे. त्यामुळे आपण जपान्यांची नक्कल केली म्हणून कोणी खाली मान घालण्याचे कारण नाही.

पुढची दहा वर्षे कावासाकीची. १९६९ साली एच-१ निघाली : तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ४९८ सीसी, ६० अश्वशक्ती. सरळ रस्त्यावर तिच्यापुढे कोणी टिकत नसे आणि वळणावर तीच टिकत नसे. इंजिन चौकटीच्या मानाने फार पुढे गेले होते. १९७२ साली ९०३ सीसीची चार सिलिंडरची झेड-१ आली. तिच्या गुप्त प्रकल्पाचे नाव ‘न्यूयॉर्क स्टेक’ असे होते. होंडाने सीबी-७५० काढून आघाडी घेतली म्हणून कावासाकीने आपली ७५० सीसीची तयार योजना बाजूला ठेवून हे मोठे इंजिन रचले.

मला स्वतःला या सगळ्यांत थोर वाटते ती झेड-६५०. १९७६ साली ती बाजारात आली. मधल्या वजनाची जपानी गाडी कशी असावी याचा तो नमुना आहे, आणि आज जगभर जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्यामागे धावतात ते उगाच नाही. तिच्याही प्रकल्पाचे नाव मांसाच्या तुकड्याचेच होते, ‘सरलॉइन’. झेड-१चे इंजिन रचणारे बेन इनामुरा यांचाच हात येथेही होता, पण त्यांनी मोठ्या गाडीचे लहान रूप केले नाही. झेड-१चा क्रँक तुकडे दाबून जोडलेला आणि रोलर बेअरिंगवर फिरणारा. ते काम मजबूत पण महाग, आणि कारागिराचा वेळ खाणारे. झेड-६५०ला त्यांनी एकसंध क्रँक आणि साधी बुश-बेअरिंग दिली. अशा बेअरिंगला तेलाचा दाब कायम चांगला राहावा लागतो. तो राहिला तर तीच बेअरिंग आवाज कमी करतात आणि खर्चही. ६२ मिलिमीटरचा बोअर, ५४चा स्ट्रोक, चार सिलिंडरचे मिळून ६५२ सीसी, ६४ अश्वशक्ती. आकड्यांत ती आपल्या थोरल्या बहिणीपेक्षा लहान, पण घाटरस्त्यावर तिच्याहून सोपी. कोणती वस्तू कमी करायची हे ज्याला कळते तोच अभियंता, आणि झेड-६५०मध्ये ते कळलेले दिसते.

असा हा गुरू. आणि त्याच्याकडून १९८६ साली आपल्याकडे काय आले? केबी-१००. १०० सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. सरकारी मर्यादाच तेवढी होती हे खरे, पण त्याच मर्यादेत हिरो होंडाने चार स्ट्रोकची सीडी-१०० वर्षभर आधी आणली होती. बजाजचा कयास असा दिसतो, की टू-स्ट्रोकची उचल आणि सोपी दुरुस्ती भारतीय माणसाला भावेल. स्कूटरवर पंचवीस वर्षे टू-स्ट्रोकच केलेले असल्याने कारखान्यालाही तो मार्ग ओळखीचा. हा कयास चुकला असे माझे मत आहे. केबी चांगली गाडी होती, दणकट होती, टाकीवर ‘कावासाकी बजाज’ अशी जोडनावाची पट्टी मिरवत होती. पण लिटरमागे किती किलोमीटर, हा प्रश्न विचारणाऱ्या देशात तिला उत्तर नव्हते. मोटारसायकलीच्या बाजारात बजाज मागे पडली ती येथे, आणि ते अंतर कमी करायलाच पंधरा वर्षे लागली.

केबी येण्याआधी ५ नोव्हेंबर १९८५ रोजी वाळूजचा कारखाना सुरू झाला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग उद्घाटनाला आले होते. सोळा महिन्यांत माळरानावर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातल्या हजारो घरांत पगाराची पहिली पाकिटे त्यातून गेली, आणि आपल्या विदर्भातली आयटीआय झालेली मुलेही पोटासाठी त्या बाजूला गेली. वर्ध्याच्या घराण्याचा कारखाना वर्धा जिल्ह्यात का नाही, हा सवाल तेव्हाही विचारला जाई. बंदर लांब, सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग पुण्याकडे, हे त्याचे ठरलेले उत्तर. उत्तरात तथ्य आहे, समाधान नाही.

१९९१ साली फोर-एस चॅम्पियन आली. फोर-एस म्हणजे चार स्ट्रोक. गुरूकडून घ्यायला हवे होते ते आता घेतले. १९९७ साली बॉक्सर. ७ जून १९९८ रोजी वाळूजमधून कॅलिबर बाहेर पडली, सुमारे ११२ सीसीची, आणि बारा महिन्यांत तिने एक लाखाचा खप गाठला. प्रदूषणाचे नियम दर काही वर्षांनी कडक होत होते, टू-स्ट्रोकचा काळ भरत आला होता, आणि खेड्यापाड्यातला रस्ता स्कूटरच्या लहान चाकाला मानवत नव्हता. या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या.

आपल्या भागात बॉक्सर आणि कॅलिबर या कास्तकाराच्या गाड्या झाल्या. नाचणगाव, देवळी, आर्वीच्या वाटेवर आजही एखादी दिसते : मागे खताचे पोते आडवे, हँडलला दुधाची बरणी, सीट फाटून त्यावर रेक्झिनचे ठिगळ. पराटीच्या वावरापर्यंत धुऱ्याधुऱ्याने जाणारी. गॅरेजमध्ये अशा गाडीचे टॅपेट लावताना पाहावे. मिस्त्री सिलिंडरच्या डोक्यावरच्या दोन टोप्या पान्याने सोडवतो, मॅग्नेटची खूण जागेवर येईपर्यंत चाक हाताने फिरवतो, मग रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या फटीत फिलर गेजचे पाते घालतो. पाते सहज सरकले तर फट जास्त, अडकले तर कमी. किंचित ओढ लागून सरकले पाहिजे. आता खरे सांगायचे तर हे गेज बहुतेक ठिकाणी खिळ्यावर टांगलेले असते आणि मिस्त्री बोटांनी रॉकर हलवून फट ओळखतो. बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. आकाशीच्या पुस्तकात मात्र ती फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिलेली असते, आणि कावासाकीच्या सहवासात बजाज काय शिकली ते तेथे आहे. गाडीचा आराखडा विकत मिळतो. प्रत्येक तुकडा त्याच मापाचा निघाला पाहिजे, हजारावा आणि लाखावाही, ही सवय विकत मिळत नाही. चेतकच्या काळात कारखान्यातून निघालेली गाडी विक्रेत्याकडे पुन्हा कसून ठाकठीक करावी लागे. कॅलिबरच्या वेळी हे काम बरेच घटले होते. नव्वदच्या दशकात राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज यांनी आकुर्डी-वाळूजला जपानी पद्धतीच्या देखभालशिस्तीचा पाठपुरावा केला. ते पुणे विद्यापीठाचे अभियांत्रिकी पदवीधर आणि नंतर इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात उत्पादनशास्त्र शिकलेले. पेढीच्या वारसदाराने यंत्रशाळेत हात काळे करण्याची ही घराण्यातली पहिलीच वेळ.

२००१ सालचा तपशील थोडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी बजाजने दोन गाड्या आणल्या. पहिली एलिमिनेटर. हे नाव कावासाकीच्या घरचे : १९८५ साली ९०० सीसीची, पाठोपाठ मधल्या वजनाची ६०० सीसीची, लांबट आणि बुटकी, निन्जाच्या इंजिनाची एलिमिनेटर तिकडे निघाली होती. आपल्याकडे आली ती १७५ सीसीची. इंजिन जपानहून येई. गाडी देखणी, बसायला आरामाची, पण किंमत अशी की माणूस शोरूममध्ये बसून बघून परत जाई. दुसरी गाडी नोव्हेंबरमध्ये आली, पल्सर. १५० आणि १८० सीसी. १२ आणि १५ अश्वशक्ती. तिच्यावर कावासाकीचे नाव नव्हते. इंजिन बजाजच्या स्वतःच्या संशोधन विभागाने रचले होते. २००३ साली त्याच इंजिनाला एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले, म्हणजे पेट्रोल दोन बाजूंनी पेटून लवकर आणि पुरते जळते, आणि ‘डीटीएस-आय’ ही चार अक्षरे कॉलेजच्या पोरांच्या तोंडी बसली. २००५ साली मजेची गोष्ट घडली. एलिमिनेटरच्या चौकटीत पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवून बजाजने अ‍ॅव्हेंजर काढली. सांगाडा गुरूचा, हृदय चेल्याचे, आणि किंमत बरीच उतरलेली. ती खपली. या इतिहासात एकच गाडी जपून ठेवायची असती तर मी संग्रहालयासाठी पहिल्या वर्षाची अ‍ॅव्हेंजर मागितली असती.

चेला कमावता झाल्यावर नाते बदलते. २००७ साली बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के भाग घेतला. आता ती भांडवलदार म्हणून शिकू लागली होती. कावासाकीशी संबंध तुटले नाहीत, पण ते विक्रीपुरते उरले. २००९ साली निन्जा २५०आर आली : समांतर दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन. २०११ साली ६४९ सीसीची निन्जा ६५०आर. मधल्या वजनाची कावासाकी भारतीय माणसाला रीतसर शोरूममधून घेता येऊ लागली ती अशी, झेड-६५०नंतर पस्तीस वर्षांनी. बजाजच्या दुकानातच केटीएम आणि कावासाकी शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या आणि दोन्ही गाड्यांचे गिऱ्हाईक एकच निघाले. १ एप्रिल २०१७पासून बजाजने कावासाकीची विक्री आणि सेवा थांबवली. तेहतीस वर्षांचा संसार. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. तोवर कावासाकीने आपली वेगळी भारतीय कंपनी पुणे परिसरात उभी केलेली होतीच.

पुलगावात ‘कावासाकी बजाज’ असे लिहिलेली टाकी आता शोधावी लागते. कॅलिबरचे काही भाग अजून मिळतात, केबीचे भंगारवाल्याकडे नशिबाने.

सप्टेंबर २०२२मध्ये कावासाकीने भारतात डब्ल्यू-१७५ आणली, पुण्याजवळच्या चाकण परिसरात तयार झालेली. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, साधे हवेने थंड होणारे एक सिलिंडर. सगळा घाट १९६६च्या डब्ल्यू-१चा, म्हणजे मेगुरोचा, म्हणजे बीएसएचा. १७७ सीसी, १३ अश्वशक्ती, तेव्हाची किंमत दीड लाखाच्या आतबाहेर. चेल्याच्या २००१ सालच्या पल्सर १८०पेक्षा दोन अश्वशक्ती कमी. आपल्याकडचा कास्तकार ती घेणार नाही, आणि घ्यावी असे मीही त्याला सांगणार नाही. पण जुन्या घाटाच्या गाडीचा शौक असलेल्या नोकरदार पोराने एकदा चालवून पाहायला हरकत नाही.